मिस्तरी बोलावण्याआधी

नंदुरबार,
शनिवार, ७ डिसेंबर २०२४

प्रिय प्रिस्का,

लिफाफा बघून तू आधी मोठ्याने हसणार. हसून घे. लग्न झाल्यापासून तुला धड एक फोन केला नाही आणि आता एकदम कागद-पेन! फोन सध्या माझ्याकडे नाही. बिघडलाय, असं समज.

पत्र घेऊन आलेल्या मंगळीबाई आमच्याकडे भांडी-फरशीला असतात. गाव तुमच्या नवापूरच्या डोंगरातलं. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी जातात, रविवारी चर्च करून सोमवारी परत येतात. बोलता बोलता कळलं की चर्चमध्ये तू त्यांच्या पुढच्याच बाकावर बसतेस, आणि आता मोठ्या दुकानात तक्रारींचं टेबल सांभाळतेस. होस्टेलात आपल्या खोलीचा पंखा तू खुर्चीवर स्टूल ठेवून दुरुस्त करायचीस, तेव्हाच मी म्हटलं होतं, ही पोरगी नर्स होणार नाही.

तर माझी तक्रार लिहून घे. दिवाळीला नवीन वॉशिंग मशीन आलं, वरून झाकण उघडणारं. महिनाभर छान चाललं. आता कपडे टाकून बटण दाबलं की पाणी घ्यायला लागतं, घेतच राहतं, मग टुं टुं करतं आणि बंद. माझा नवरा अभिनंदन म्हणतो, तूच बिघडवलंस. मिरचीचा हंगाम चालू आहे. तो दिवसभर पथारीवर, वाळत टाकलेल्या मिरचीत उभा असतो. घरी येतो तेव्हा कपड्यांच्या शिवणीशिवणीत तिखटाची धूळ असते. ते कपडे हाताने धुतले की कोपरापर्यंत आग होते. त्यात माझा उजवा हात दुखावलाय, बाथरूममध्ये घसरले.

मिस्तरीला बोलवायची सोय नाही. मागे एसीवाला आला होता, त्याला मी चहा दिला आणि गाव कुठलं म्हणून विचारलं. ते अभिनंदनला आवडलं नाही. आता घरात परका माणूस नको, असा हुकूम आहे. म्हणून मिस्तरी पाठवण्याआधी तू गिऱ्हाइकांना जे जे विचारतेस, ते मला लिहून पाठव. लवकर पाठव. मशीन चालू झालं की घरात शांतता होईल.

तुझी,
किंजल


नवापूर,
रविवार, ८ डिसेंबर

किंजल शेठाणी,

हसले तर हसलेच, वर आईला लिफाफा दाखवला. ती म्हणाली, श्रीमंतांच्या घरी रिचार्ज मारायलाही कुणी नाही वाटतं.

आता तक्रार. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी फोनवरच मिटतात. परवा एकाने मशीन मेलं म्हणून माझा उद्धार केला. प्लग त्याच्या पोरीने मोबाईल चार्ज करायला काढून ठेवला होता. दुसरी बाई म्हणे भांडी धुवायचं मशीन भांडी खातं. खालच्या गाळणीत भाताचा गोळा आणि दोन चमचे होते, ते काढल्यावर मशीन शहाण्यासारखं वागायला लागलं. तेव्हा घाबरू नकोस.

टुं टुं करून थांबलं म्हणजे मशीनने पाण्याची वाट बघितली, टाकी वेळेत भरली नाही, म्हणून हात वर केले. नळ पूर्ण उघडा आहे का बघ. पाइप भिंतीशी चेपलाय का बघ. मग प्लग काढ. प्लग काढ. प्लग काढ. गिऱ्हाइकाला दोनदा सांगते, तुला तीनदा. नळ बंद करून पाइप सोडव आणि नळाखाली बादली लाव. धार जोरात आली तर नळाचा दोष नाही. मग पाइपची दोन्ही टोकं तपास. मशीनकडच्या टोकाला आत बारीक जाळी असते, ती चिमट्याने ओढून जुन्या टूथब्रशने घास. नंदुरबारचं पाणी आहे, गाळ असणारच.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. मंगळीबाईला विचारलं, किंजलच्या हाताला काय झालं? ती म्हणाली, "बरा आहे," आणि बायबल काखेत मारून चालू पडली. खो-खोत चिखलातून सुसाट पळणारी तू, स्वतःच्या बाथरूममध्ये कशी घसरलीस? नीट लिही.

प्रिस्किला


नंदुरबार,
शनिवार, १४ डिसेंबर

प्रिय प्रिस्का,

सापडलं! मंगळीबाईंनी मशीन पुढे ओढायला मदत केली. नळाची धार जोरात होती. पाइपचं टोक सोडवलं तर आत पांढरं जाड फडकं, घडी घालून दाबून बसवलेलं, गाळाने काळंकुट्ट झालेलं. बघताक्षणी ओळखलं. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीवही आपल्या हातून मरू नये म्हणून. घरातल्या प्रत्येक नळाला कापडाची पिशवी बांधलेली असते. शहाद्याला माझी आईही बांधते. मशीनच्या नळाला पिशवी बांधायला जागाच उरली नाही, म्हणून मम्मीजींनी, माझ्या सासूबाईंनी, प्लंबरकडून ते फडकं पाइपातच घालून घेतलं होतं. मशीनला त्या स्वतः कधी हात लावत नाहीत. पाण्याच्या तोंडावर एवढं फडकं ठेवून मोकळ्या झाल्या. गाळ साचत गेला, पाणी अडलं.

मला हसू फुटलं. इतके दिवस मार खाल्ला तो एका फडक्यापायी! मम्मीजी ओशाळून उभ्या होत्या, मी हसत होते, आणि तेवढ्यात अभिनंदन जेवायला आला. मी त्याला आनंदाने फडकं दाखवलं. वाटलं, आता तरी त्याला कळेल की मी काही बिघडवलं नव्हतं. तो म्हणाला, "माझ्या आईला हसतेस?" आणि माझे केस धरून डोकं मशीनच्या झाकणावर आपटलं. आपटत राहिला. झाकणाची काच फुटली तेव्हा थांबला.

वर मार हा शब्द लिहून गेले. खोडणार होते, पण आता राहू दे. कपाळाला टाके पडलेत. डॉक्टरांना जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. हातही घसरून दुखावला नव्हता, त्याने पिरगाळला होता. फोन त्याने भिंतीवर फोडला. पण प्रिस्का, चूक माझीही होती. त्याच्या आईसमोर मी हसायला नको होतं.

आता पुढची अडचण. मशीन पाणी घेतं, धुतंही, पण पिळायच्या वेळेला थांबतं. झाकण फुटल्यापासून हे चालू झालंय. कपडे हाताने पिळावे लागतात आणि काचेने कापलेल्या बोटांत तिखट जातं. काय करू, लवकर सांग.

किंजल


नवापूर,
रविवार, १५ डिसेंबर

किंजल,

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. चर्चमध्ये बसून मी काय काय मागितलं, ते पाद्रीसाहेबांना कळलं तर मला बाहेर काढतील. तो माणूस समोर असता तर त्याला त्याच्याच मिरचीत पालथा घालून लोळवला असता आणि डोळे चोळायला पाणीही दिलं नसतं.

"चूक माझीही होती" हे परत लिहायचं नाही. मशीन आपटून फोडणारं गिऱ्हाईकसुद्धा मला सांगतं, मी हात लावला नाही, आपोआप बंद पडलं. आणि तू मार खाऊन वर सांगतेस, माझंच चुकलं! शरम वाटत नाही? तुझ्यावर ओरडायला नको, हे मला कळतं. पण कुणावर ओरडू?

झाकणाचं ऐक. झाकणाखाली एक खटका असतो. झाकण नीट बसलं नाही तर तो मशीनला पिळू देत नाही. पिळताना टब इतक्या वेगाने फिरतो की आत हात गेला तर ओल्या कपड्यांत गुंडाळून मोडून टाकतो. मशीन थांबतंय ते तुझा हात वाचवायला. काही शहाणे त्या खटक्यात काडी खोचतात आणि झाकण उघडं ठेवून मशीन चालवतात. तसं करायचं नाही.

आता तुझं. माझ्या खाटेशेजारी आणखी एक खाट बसते. दानियल, माझा भाऊ, कधीही येऊन तुला घेऊन जाईल. नाहीतर मंगळीबाईच्या फोनवरून ११२ लाव. तिला मी सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "मी रोज ऐकते, बाई. मला वाटलं मोठ्या घरचं आपण कसं बोलायचं."

कधी येतेस, तेवढंच लिही.

प्रिस्किला


नंदुरबार,
शनिवार, २१ डिसेंबर

प्रिस्का,

मंगळीबाई नाताळासाठी सुट्टीवर चालल्यात, आता पुढच्या वर्षीच येतील. तोवर पत्र जाणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

तू गिऱ्हाइकाला सांगतेस ना, आधी हे बघा, मग ते बघा. मीही गेली चार वर्षं तेच करते. आज बाजारात मिरचीला भाव कसा मिळाला ते बघायचं. स्कूटर फाटकाशी हळू लागली की जोरात, ते ऐकायचं. भाजी गरम, पाणी कोमट, मम्मीजींचं औषध दिलेलं, खिडकीत उभं राहायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. सगळं जागच्या जागी असलं की मारणार नाही, अशी माझी समजूत होती. मारलं की मी शोधत बसायचे, कुठे चुकलं? आणि काहीतरी सापडायचंच.

परवा मी डोळ्यांत तेल घालून सगळं केलं. भाव चांगला लागलेला, तो शीळ घालत घरात आला. जेवला, उत्तम झालंय म्हणाला. हात पुसले आणि माझ्या कानशिलात मारली. मी खाली पडले तर लाथेने बरगड्यांत. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "तू घाबरून बघतेस ना, ते मला आवडत नाही." मी रात्रभर शोधलं, प्रिस्का. काहीच सापडलं नाही.

मम्मीजी शेजारच्या खोलीत सामायिक करत होत्या. त्या वेळात आसनावरून उठायचं नसतं, कुणावर राग नाही, लोभ नाही, असं शांत बसायचं असतं. माझ्या अंगावर लाथ पडली तशी त्यांची माळ जपण्याची कुजबुज मोठी झाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "पाण्यातल्या जिवासाठी पाइपात फडकं घालता. मी कोणत्या पाण्यातला जीव आहे?" असं मी जन्मात कुणा मोठ्याला बोलले नव्हते. त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

आईला शहाद्याला मागेच सांगितलं होतं. ती म्हणाली, सांभाळून घे, धाकटीचं लग्न व्हायचंय.

आणि ती काडी. अभिनंदनने स्वतःच काडेपेटीतली काडी खटक्यात खोचली. फुटलं झाकण उघडंच, आत टब गरगर फिरतो. त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मला यायचंय, प्रिस्का. पण पाय उचलत नाही. हे मला तुलासुद्धा समजावता येत नाही.

किंजल


नवापूर,
रविवार, ५ जानेवारी २०२५

किंजल,

मी येऊन गेले. तुला कुणी सांगितलं नसणार.

नाताळ उरकला आणि शुक्रवारी मी गाडीत बसले. दानियलला घेतलं नाही, कारण तो आला असता तर हाणामारीच झाली असती. आता वाटतं, झाली असती तर बरं. दार तुझ्या नवऱ्यानेच उघडलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते, आणि तो काय गोड बोलला! "या ताई, किंजल नेहमी तुमचं नाव काढते. ती शहाद्याला गेलीय, बहिणीला बघायला पाहुणे येणार आहेत." बसायला खुर्ची, पाणी, वर तिळाची चिक्की. मी चक्क म्हटलं, ती आली की सांगा. आणि निघाले!

गाडी सुटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मी पाणी पीत होते तेव्हा मागच्या बाजूला मशीन पिळत होतं. दिवसभर तोच आवाज ऐकणारी मी, आणि मला कळू नये? सासूबाई मशीनला हात लावत नाहीत, मंगळीबाई इकडे सुट्टीवर. मग धूत कोण होतं? तू आत होतीस. भिंतीच्या पलीकडे. मी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, समोरची बाई बघत राहिली.

आता दोन गोष्टी कर. ती काडी आजच्या आज काढून फेक, कपडे ओले राहिले तर राहू देत. आणि रविवारी, १२ तारखेला सकाळी, मम्मीजी देरासरात दर्शनाला आणि तो पथारीवर गेला की पिशवीही न घेता फाटकाबाहेर ये. मी आणि दानियल कोपऱ्यावर रिक्षा घेऊन उभे असू. पाय उचलत नसेल तर दानियल उचलून नेईल, पण या वेळी मी तुला घेतल्याशिवाय परत जाणार नाही.

प्रिस्किला


नंदुरबार, सरकारी दवाखाना,
शुक्रवार, १० जानेवारी

प्रिस्का,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं आहे, मी शुद्धीवर आहे.

तू सांगितलंस तशी सोमवारीच काडी काढली. तीन दिवस कपडे हाताने पिळून वाळत घातले, त्याला कळलं नाही. काल त्याला लग्नाला शहाद्याला जायचं होतं. शर्ट ओला लागला. मशीनपाशी गेला, बटण दाबलं, मशीन पिळेना. काडी कुठे गेली म्हणाला. मी म्हटलं, मी काढली, हात जाईल म्हणून. मला वाटलं ओरडेल.

तो ओरडला नाही. दुसरी काडी आणली, शांतपणे खोचली. टब फिरायला लागला. म्हणाला, "बघ, चालतंय. कुणाचा हात जातो, बघू." माझं मनगट धरलं आणि आत घातलं. चादर होती आत. तिने हात ओढून घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मग दुसऱ्यांदा ऐकला. तो दंड धरून दाबतच होता. मी किंचाळत होते आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बाकी कुठे नाही.

मम्मीजी सामायिकाला बसल्या होत्या. त्या उठल्या, प्रिस्का. अर्ध्यातून उठल्या. मी त्यांना कधी आसन मोडताना पाहिलं नव्हतं. आल्या, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि कपडे बडवायचं लाकडी धोपटणं उचललं. मुंगी दिसली तर पाऊल मागे घेणारी ती बाई. तिने पोटच्या पोराच्या पाठीत घातलं, मग खांद्यावर, मग तो वळला तर तोंडावर. त्याचे दात रक्ताने भरले. तो लहानपणी आईला मारायचा त्या मारवाडी हाकेने "बाई, बाई" म्हणत खाली बसला, तरी त्या मारत होत्या. मंगळीबाईंनी कमरेला मिठी घालून त्यांना मागे ओढलं आणि पोलिसांना फोन लावला.

हवालदार आला तो ओळखीचा निघाला. म्हणाला, शेठाणी, घरातलं आहे, घरात मिटवा. मम्मीजी मारवाडहून आल्या तेव्हा त्यांनी इथली बोली भाजीवाल्या बायांकडून उचलली. त्याच बोलीत त्या म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या शे. मन्हा पोऱ्यानी तिले मारं. मी देखं. लिखी ल्या." तो टोपी काढून उभा राहिला, लिहीना. तेव्हा त्या खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लिखं नही ते मी आठून उठाव नही." मग त्याने लिहिलं.

ऑपरेशन झालं, हातात सळई घातलीय. तू रविवारी फाटकाशी जाऊ नकोस, इथे ये. मंगळीबाई आजच पत्र घेऊन निघतायत. मला उचलून न्यायला दानियल लागणार नाही.

किंजल


नवापूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

आदरणीय मम्मीजी,
सादर जय जिनेंद्र.

मंगळीबाईंकडून तुमची खुशाली कळते. इथे मी बरी आहे. प्रिस्काच्या आई मला न विचारता भाजीतला कांदा-लसूण वेगळा करतात. बोटं थोडी हलायला लागलीत, पण मूठ बंद होत नाही. डॉक्टर म्हणतात, पूर्वीसारखा हात होईल असं सांगता येत नाही. प्रिस्का स्वतःलाच बोल लावत असते, मी काडी काढायला सांगितली नसती तर हे झालं नसतं म्हणते. मी तिला सांगून थकले की काडी नसती तर दुसरं काही असतं.

मम्मीजी, एक विचारायचं आहे. विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

अभिनंदन जामिनावर सुटला हे तुम्हाला माहीतच आहे. परवा तो इथे आला होता. प्रिस्का कोयता घेऊन दारात उभी राहिली, दानियलने काठी घेतली. तो आत आलाच नाही. अंगणात धुळीत बसला. तुम्ही मारलं तिथले पडलेले दात अजून बसवलेले नाहीत. लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. म्हणाला, मला माझीच भीती वाटते, तू नसलीस तर मी मरेन. काल समाजाची दोन मोठी माणसं आली, पुन्हा हात उचलणार नाही असं त्याच्याकडून लेखी घेऊन देतो म्हणाली. आईचाही फोन आला. ती म्हणाली, एवढा रडतोय, आणखी काय करायचं त्याने?

मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते खोटं नव्हतं, मम्मीजी. मला कळतं. प्रिस्काला विचारलं तर ती कोयता दाखवते. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही त्याच्या आई आहात आणि माझ्यासाठी उठलात. मी परत येऊ का? तुम्ही ये म्हणालात तर येईन.

तुमची,
किंजल


नंदुरबार,
रविवार, १६ फेब्रुवारी

बेटा किंजल,
जय जिनेंद्र.

माझं लिहिणं तू कधी पाहिलं नाही. अभिनंदन शाळेत जात होता तेव्हा त्याच्या पाटीवर मी पण मराठी अक्षरं शिकले. तो मला शिकवायचा. चुकलं की हसायचा. तेव्हा फार गोड होता. चुकलं तर समजून घे.

तू बरोबर ओळखलं. तो खोटा रडत नाही. घरी पण रडतो. दोन-दोन दिवस जेवत नाही. मी आई आहे, माझं काळीज तुटतं. त्याला मी मारलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून मी उपवास केले. महाराजसाहेबांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, मारल्याचा होतो, उठल्याचा नाही.

तुझ्या सासऱ्यांना, इंदरचंदजींना, तू पाहिलं नाही. तुझ्या लग्नाआधीच गेले. सगळे म्हणतात देवमाणूस होते. माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, ते तुला वाटलं म्हाताऱ्या झाल्या म्हणून. म्हातारपणाने नाही. माझे भाऊ मला माहेरी, मारवाडात पालीला घेऊन गेले होते. इंदरचंदजी मागून आले. आमच्या दारात बसले. डोक्याची पगडी काढून माझ्या आईच्या पायाशी ठेवली आणि रडले. ते पण खोटं रडले नव्हते. गल्ली गोळा झाली. सगळे म्हणाले, एवढा मोठा शेठ रडतोय, हिला आणखी काय पाहिजे? मला पण वाटलं, आणखी काय पाहिजे. अभिनंदन माझ्या पोटात होता.

मी आले परत.

तू येऊ नको, बेटा. तो बदलला तरी येऊ नको. मी मेल्याची खबर आली तरी येऊ नको. आई म्हणून मी त्याला घराबाहेर काढणार नाही, ते माझ्याच्याने होणार नाही, तू मला माफ कर. पण तुला मी बोलावणार नाही.

पुढच्या महिन्यात कोर्टात तारीख आहे. त्याचा वकील म्हणतो, मांजी, आईने मुलाविरुद्ध कशाला बोलायचं, तब्येतीचं कारण द्या. मी नाही म्हटलं. त्या दिवशी सकाळी त्याच्या आवडीची गट्ट्याची भाजी करीन, समोर बसून त्याला जेवू घालीन. मग त्याच्याच स्कूटरवर मागे बसून कोर्टात येईन आणि जे पाहिलं ते सांगेन.

लाडकंवर